ओकचे लाकूड कसे ओळखावे? : पावस येथील एका तुळईच्या निमित्ताने

रत्नागिरीच्या दक्षिणेस, गौतमी नदीच्या काठी वसलेल्या पावस गावातील एका जुन्या घराच्या तुळईचा तुकडा काही काळापूर्वी आमच्यासमोर आला. जांभ्याच्या भिंतींचे ते कौलारू घर उतरविण्याचे काम चालू होते. ही तुळई ओकची असून ती एका विलायती गलबताची आहे, असे त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जात असे. या समजुतीस तीन गोष्टींचा आधार दिला जाई. लाकूड वजनाला फार जड होते, त्याचा रंग गडद तपकिरी होता, आणि लोखंडी खिळ्यांभोवती निळसर काळी वर्तुळे उमटली होती. ओकमध्ये लोखंडाने असे डाग पडतात, हे घरमालकांच्या वाचनात आले होते व ते खरेही आहे. घर नव्याने बांधताना दारे-खिडक्यांसाठी आयात केलेला ओक घ्यावा आणि जुन्या लाकडांपैकी ही तुळई तेवढी राखून उरलेले जळाऊ म्हणून काढून टाकावे, असा त्यांचा विचार चालला होता.

प्रश्न वरवर लहान दिसतो. परंतु ओळख चुकल्यास दोहोंकडून हानी होणार होती. शंभर वर्षे मुरलेले उत्तम इमारती लाकूड चुलीत जाणार, आणि त्याच्या जागी कोकणच्या हवेत कसे वागेल याचा विचार न केलेले परके लाकूड येणार. म्हणून काष्ठाची ओळख कोणत्या लक्षणांवरून करावी, कोणते लक्षण निर्णायक मानावे व कोणते केवळ सूचक मानावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे योजिले आहे.

नावाचा घोटाळा

ओक म्हणजे क्वेर्कस या प्रजातीचे वृक्ष. यांच्या शेकडो जाती उत्तर गोलार्धात पसरलेल्या आहेत. भारतात त्यांचे मुख्य घर हिमालय व ईशान्येकडील डोंगर हे होय. गढवाल-कुमाऊँतील बांज, मोरू व खरसू हे सर्व ओकच आहेत. सह्याद्रीत मात्र ओकची एकही जाती निसर्गतः उगवत नाही. त्यामुळे कोकणातील जुन्या घरात ओक सापडला, तर तो बाहेरून आलेला असला पाहिजे, एवढे अनुमान आरंभीच करता येते. मात्र येथे येणे अशक्य होते असे म्हणता येत नाही. म्हणून लाकूडच तपासले पाहिजे.

व्यापारातील नावांनी या घोटाळ्यात भर घातली आहे. आपल्या सागालाच पूर्वी इंग्रज लोक ‘भारतीय ओक’ म्हणत. चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी लावला जाणारा ‘सिल्व्हर ओक’ हा ऑस्ट्रेलियातून आलेला ग्रेव्हिलिया रोबस्टा असून त्याचे कुळ सर्वस्वी निराळे आहे. ‘टास्मानियन ओक’ या नावाने विकले जाते ते निलगिरीच्या काही जातींचे लाकूड, आणि ‘मलेशियन ओक’ म्हणजे रबराच्या झाडाचे लाकूड. कोकणच्या किनाऱ्यावर लावलेल्या सुरूच्या ऑस्ट्रेलियन भाऊबंदांनाही त्या देशात ओकचेच एक उपनाम मिळालेले आहे. तात्पर्य, पावतीवरील नाव हा पुरावा नव्हे. पुरावा लाकडाच्या आडव्या छेदात असतो.

ओकची रचना

झाडाचे खोड आडवे कापले असता जो पृष्ठभाग दिसतो, त्यावर ओळखीची बहुतेक लक्षणे एकत्र सापडतात. धारदार पात्याने तेथील एक पातळ काप काढावा, पृष्ठभाग किंचित ओला करावा आणि दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगाने पाहावे. करवतीने कापलेल्या अथवा कानसलेल्या पृष्ठभागावर वाहिन्यांची तोंडे चुरडलेली असतात. तेथे भिंग लावून काहीच लाभ होत नाही.

युरोपीय किंवा अमेरिकन ओकच्या अशा छेदावर तीन लक्षणे एकाच वेळी दिसतात. पहिले, वसंतात तयार झालेल्या काष्ठातील वाहिन्या इतक्या मोठ्या असतात की त्यांची छिद्रे नुसत्या डोळ्यांनी दिसतात, आणि ती प्रत्येक वार्षिक वलयाच्या आरंभी ओळीने मांडलेली असतात. अशा लाकडास वलयछिद्री म्हणतात. दुसरे, त्याच वलयाच्या उत्तरार्धातील वाहिन्या एकाएकी बारीक होतात व ज्वालेसारख्या फाकत जाणाऱ्या फिक्या पट्ट्यांत विखुरलेल्या दिसतात. तिसरे लक्षण सर्वांत महत्त्वाचे. खोडाच्या मध्यापासून सालीकडे जाणारे काष्ठकिरण दोन प्रकारचे असतात : एक प्रकार केवळ एका पेशीच्या रुंदीचा, भिंगाखालीही जेमतेम दिसणारा, दुसरा अनेक पेशींच्या रुंदीचा, चाकाच्या आऱ्यांप्रमाणे नुसत्या डोळ्यांस स्पष्ट दिसणारा.

या रुंद किरणांचा परिणाम फळीवरही दिसतो. ओंडका किरणांच्या दिशेने, म्हणजे मध्यातून सालीकडे चिरला, तर किरण आडवे उघडे पडतात व फळीवर चकचकीत रुपेरी चट्टे उमटतात. ओंडका त्या दिशेस काटकोनात चिरला, तर तेच किरण उभ्या, गडद व टोकांशी निमुळत्या रेघांसारखे दिसतात. हिमालयातील सदापर्णी ओकांत वाहिन्यांची वलयाकार मांडणी नसते. त्या किरणांच्या दिशेने रांगा करून असतात. रुंद किरण मात्र तेथेही आढळतात.

रुंद किरण हे ओकचे आवश्यक लक्षण होय, परंतु ते पुरेसे नाही. ग्रेव्हिलियातही रुंद किरण असतात व त्याच्या फळीवरही रुपेरी चट्टे उठतात. बहुधा म्हणूनच त्यास ओकचे नाव चिकटले असावे. पण त्याच्या वाहिन्या वलयाच्या आरंभी ओळीने नसतात. त्या दोन किरणांच्या दरम्यान तोरणाप्रमाणे वाकलेल्या ओळींत बसतात. रबराच्या लाकडात तर रुंद किरणच नसतात. अशा रीतीने तीनही लक्षणे जुळली तरच युरोपीय किंवा अमेरिकन ओक म्हणावा.

ओकचे दोन गट

व्यापारात ओकचे श्वेत व ताम्र असे दोन गट मानतात. श्वेत ओकच्या मध्यकाष्ठातील मोठ्या वाहिन्या टायलोसिस नावाच्या फुग्यासारख्या वाढींनी बुजून गेलेल्या असतात. ताम्र ओकच्या वाहिन्या बहुतांशी मोकळ्या राहतात. ताम्र ओकचा हातभर लांबीचा सरळ रेषांचा तुकडा घेऊन एक टोक पाण्यात बुडवावे व दुसऱ्या टोकातून फुंकर मारावी. पाण्यात बुडबुडे उठतात. श्वेत ओकमधून हवा सहसा पार होत नाही. द्रवपदार्थांची पिंपे श्वेत ओकचीच करतात, याचे कारण हेच. नाशिक परिसरातील वाइन-उद्योगात आयात केलेली ओकची पिंपे वापरली जातात. विद्यार्थ्यास खरा ओक हाताळावयाचा असेल, तर अशा निकामी पिंपाची फळी हा महाराष्ट्रात मिळू शकणारा चांगला नमुना होय.

या दोन गटांतील भेद रासायनिक रीतीनेही दाखविता येतो. सोडियम नायट्राइटचे सुमारे १० टक्क्यांचे द्रावण मध्यकाष्ठावर लावले असता श्वेत ओक काही मिनिटांत गडद निळसर जांभळा होतो, ताम्र ओक तसा होत नाही. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही कसोटी लाकूड ओक आहे हे आधी गृहीत धरते. ते ओकच आहे की नाही, हे तिच्यावरून सिद्ध होत नाही.

कोकणातील कठीण लाकडे

आता आपल्याकडील लाकडे याच दृष्टीने पाहू. साग हा ओकप्रमाणे वलयछिद्री आहे, आणि म्हणूनच घाईने पाहणाऱ्याची फसगत होते. पण सागाच्या वलयारंभी वाहिन्यांबरोबर मृदूतकाचा फिका पट्टा असतो, आणि त्याचे किरण मध्यम रुंदीचे व एकसारखे असतात. ओकसारखे अतिरुंद किरण त्यात कधीही नसतात. ताज्या कापाचा चामड्यासारखा वास आणि हाताला लागणारा तेलकटपणा ही त्याची आणखी लक्षणे. सागात सिलिकाचे कण असल्याने रंध्याची व पटाशीची धार लवकर बोथटते, हा सुतारांचा नित्याचा अनुभव आहे.

ऐन, म्हणजे टर्मिनेलिया एलिप्टिका (जुन्या ग्रंथांत टर्मिनेलिया टोमेंटोजा), याची मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल सर्वांस परिचित आहे. त्याचे काष्ठ विकीर्णछिद्री असते. म्हणजे वाहिन्या वलयभर विखुरलेल्या असतात व वलयांच्या सीमा अस्पष्ट असतात. प्रत्येक वाहिनीभोवती मृदूतकाचे फिके, डोळ्याच्या आकाराचे वेष्टन असते आणि शेजारशेजारची वेष्टने कधी कधी एकमेकांस जोडली जातात. किरण बहुशः एकाच पेशीच्या रुंदीचे, अत्यंत बारीक. सूक्ष्मदर्शकाखाली मृदूतकात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे मोठे स्फटिक दिसतात. किंजळ ही ऐनाचीच सजातीय असल्याने तिची रचना याच धर्तीची आहे. रंग मात्र अधिक करडा असतो. या दोहोंतील निर्णय केवळ भिंगावर सोपवू नये, सूक्ष्मदर्शकी काप करून ओळखीच्या नमुन्याशी ताडून पाहावा.

फणसाचे काष्ठ ताजे असता पिवळेधमक असते व प्रकाशाने हळूहळू तांबूस तपकिरी होते. त्याच्या वाहिन्या मोठ्या, परंतु संख्येने थोड्या व विखुरलेल्या असतात. जुन्या काळवंडलेल्या दारावर पटाशीचा एक घाव घातला आणि आत पिवळी झाक दिसली, तर प्रथम फणसाचा विचार करावा. शिवणीचे लाकूड फिके व हलके असते, शिसवाचे जांभळट काळसर रेघांचे व जड. ही दोन लाकडे ओकशी सहसा गल्लत होण्याजोगी नाहीत.

तुळईची तपासणी

पावसच्या तुकड्याकडे वळू. वरचा काजळीचा थर काढून आडवा काप घेतला, तेव्हा वाहिन्या सर्वत्र विखुरलेल्या आढळल्या. वलयारंभीची मोठ्या छिद्रांची ओळ नव्हती. रुंद किरण नुसत्या डोळ्यांस दिसले नाहीत, भिंगाखालीही दिसले नाहीत. वाहिन्यांभोवती मृदूतकाची डोळ्याच्या आकाराची वेष्टने स्पष्ट होती. एवढ्यावरूनच ओकचा प्रश्न निकालात निघाला. सूक्ष्मदर्शकी कापात एकपेशीय किरण व स्फटिक दिसल्यावर आणि नमुन्याशी ताडून पाहिल्यावर तुळई ऐनाची ठरली. त्याच घराच्या दाराची एक ढलपी फणसाची निघाली.

मग खिळ्यांभोवतीच्या काळ्या वर्तुळांचे काय? त्यांचे निरीक्षण खरे होते, अनुमान चुकले. टॅनिन-द्रव्ये व लोखंड ओलाव्यात एकत्र आली की निळसर काळे संयुग तयार होते. ओकमध्ये टॅनिन असते, तसे ते ऐनातही असते. ऐनाची साल तर कातडी कमावण्यास वापरली जात असे. अनेक जातींत समान असलेला गुण एका जातीचा पुरावा होऊ शकत नाही. वजनाची गोष्टही तीच. वाळलेल्या ओकचे वजन घनमीटरला सुमारे ७०० किलोग्रॅम भरते, ऐनाचे सर्वसाधारणपणे त्याहून अधिक असते. ‘फार जड’ हे लक्षण ओककडे बोट दाखविण्याऐवजी ऐनाकडेच अधिक झुकत होते. आणि शंभर वर्षांच्या धुराने कोणतेही लाकूड गडदच दिसते.

कोकणची हवा आणि लाकडाची हालचाल

ओळख पटल्यावर दुसरा प्रश्न उरतो : नव्या दारांसाठी ओक घ्यावा काय? याचे उत्तर देण्यासाठी लाकडाचे आर्द्रतेशी असलेले नाते पाहिले पाहिजे. लाकूड भोवतालच्या हवेशी समतोल साधीपर्यंत पाणी घेते किंवा सोडते. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास असता लाकडातील पाणी सुमारे १२ टक्क्यांवर स्थिरावते. ती ८५ टक्क्यांच्या वर गेली की हे प्रमाण सुमारे १८ टक्क्यांपर्यंत चढते. किनाऱ्यावरील पावसाळ्यात दुसरी स्थिती सतत काही महिने टिकते. म्हणजे वर्षातून एकदा लाकडास सुमारे ६ टक्क्यांचा चढउतार सोसावा लागतो.

लाकूड सर्व दिशांनी सारखे फुगत नाही. लांबीत बदल नगण्य असतो, किरणांच्या दिशेने मध्यम असतो आणि वलयांच्या दिशेने सर्वाधिक असतो. ओल्या अवस्थेपासून पूर्ण शुष्क होईपर्यंत अमेरिकन श्वेत ओक वलयांच्या दिशेने सुमारे १०·५ टक्के व किरणांच्या दिशेने ५·६ टक्के आक्रसतो. सागाचे हेच आकडे ५·८ व २·५ आहेत. हे आक्रसणे पाणी सुमारे ३० टक्क्यांवरून शून्यावर येताना घडते, असे धरल्यास ६ टक्क्यांच्या चढउतारात त्याचा पाचवा हिस्सा घडेल. आता ३०० मिलिमीटर रुंदीची फळी घेऊ. वलयांच्या दिशेने रुंदी असलेली ओकची फळी पावसाळ्यात सुमारे ६·३ मिलिमीटर फुगेल, तशीच सागाची सुमारे ३·५ मिलिमीटर. किरणांच्या दिशेने चिरलेली ओकची फळी ३·४ मिलिमीटर फुगेल, सागाची १·५ मिलिमीटर.

या साध्या गणितातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला, सागासाठी बेतलेल्या चौकटीत ओकचे दार तेवढ्याच सैलपणाने बसविले, तर ते आषाढात अडकणार. दुसरा, ओक वापरावयाचाच असेल, तर तो किरणांच्या दिशेने चिरलेला घ्यावा. तसा ओक साधारण चिरलेल्या सागाइतकाच हलतो. रुपेरी चट्टे हे केवळ शोभेचे लेणे नसून फळी स्थिर राहण्याच्या दिशेने चिरली आहे, याची ती खूणही आहे.

याखेरीज लोखंडी खिळे व बिजागऱ्या ओकमध्ये डाग पाडतात व स्वतःही झिजतात. तेथे पितळ किंवा गंजरोधक पोलाद वापरावे. ताम्र ओक कुजण्यास फारसा प्रतिकार करीत नाही, म्हणून तो पावसाच्या झडीत उघडा ठेवू नये. वाळवीच्या बाबतीतही ओकवर सागाइतका भरवसा टाकता येत नाही. कोणत्याही जातीचे रसकाष्ठ, म्हणजे सालीलगतचा फिका भाग, मात्र सारखेच संशयास्पद मानावे. सागाचे रसकाष्ठही किडीपुढे टिकत नाही, आणि जात ओळखण्याच्या भरात हा भेद विसरणे हीच व्यवहारातील मोठी चूक ठरते. बाजारातील ‘ओक’ पुष्कळदा दाबलेल्या भुशाच्या फळीवर चिकटविलेला पातळ पापुद्रा असतो. पृष्ठभागावरच्या रेघा फळीच्या टोकाच्या छेदात उतरतात काय, हे पाहिल्याने त्याचा उलगडा तत्काळ होतो.

इतिहासाची साक्ष

ओक व सागाची तुलना प्रयोगशाळेच्या आधी समुद्रावर झाली. सुरतेहून १७३६ साली मुंबईस आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत मलबारी सागाची जहाजे बांधली. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली ‘मिंडेन’ हे युद्धनौकेच्या मोठ्या वर्गातील जहाज १८१० साली पाण्यात उतरले, ‘कॉर्नवॉलिस’ १८१३ साली. याच ‘कॉर्नवॉलिस’वर १८४२ साली नानकिंगचा तह झाला. इंग्लंडात ओकचा तुटवडा पडल्यामुळे मुंबईत बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे १८१७ सालचे जहाज आजही इंग्लंडातील हार्टलपूल येथे तरंगत्या अवस्थेत जतन केलेले आहे. ओकमधील आम्ल लोखंडी खिळ्यांस खाते, सागातील तेल त्यांचे रक्षण करते, हा भेद त्या काळच्या जहाजबांधणी करणाऱ्यांस अनुभवाने ठाऊक होता. कोकणातील एखाद्या घराने विलायती गलबताचे लाकूड मिळविले असते, तरी ते साग असण्याचा संभव होताच, हेही यावरून लक्षात येईल.

तपासणीनंतर घरमालकांस सल्ला दिला तो असा : तुळई ओकची नाही, म्हणून तिचे मोल कमी होत नाही. ऐन सुकताना फार चिरफळतो, हा त्याचा मोठा दोष. परंतु शंभर वर्षे छपराखाली राहिलेल्या तुळईत जेवढ्या भेगा पडावयाच्या तेवढ्या पडून गेलेल्या असतात. खिळे काढून, टोके ठोकून व किडलेला भाग छाटून घेतल्यास ती पुन्हा तुळई म्हणूनच चढविता येईल. फणसाची दारे रंधून पुन्हा बसवावीत. उरलेल्या वाशांचा प्रत्येकी एक आडवा काप भिंगाखाली पाहिल्याखेरीज कोणताही वासा जळणात टाकू नये.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याविषयी जो आदेश आहे, त्यात आंबा-फणसासारख्या झाडांस हात न लावण्याचे कारण स्पष्ट केले आहे : ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे दीर्घकाळ वाढविलेली असतात. उभ्या झाडासंबंधीचा तो विचार उतरविलेल्या तुळईसही लागू आहे. पात्याचा एक काप, पाण्याचा एक थेंब आणि एक भिंग एवढ्या साहित्यानिशी तो पाळता येतो.